मोरी ते मोरी सोळाशे

रिसोड रस्त्यावरची सोळाशे मीटरची खूण खोटी आहे असं मी सांगितलं, तेव्हा पोरं माझ्यावरच चिडली. "काका, तुमच्या सायकलीतच खोट असन," एक जण म्हणाला. दुसरा जरा नरम होता. तो म्हणाला, "असू द्या ना थोडं कमी. आमच्या टायमाले कायले हात लावता?"

वाशिम सोडून बाहेर पडलं की पहाटे साडेचारपासून ही पोरं रस्त्यावर असतात. पोलीस भरतीची तयारी. मानोरा, मालेगाव, रिसोडकडच्या खेड्यांतून येतात, तिघं-चौघं मिळून एक खोली करतात, डब्यावर राहतात आणि उजाडायच्या आत पळून मोकळी होतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. एका मोरीच्या कठड्यावर चुन्याचा पट्टा ओढलेला, पुढच्या मोरीवर दुसरा, आणि मधलं अंतर सोळाशे. कुणी मोजलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पयलेपासूनच हाये."

हे उत्तर मी पस्तीस वर्षं ऐकलं. धुऱ्यावरून भांडणारे दोन्ही शेतकरी हेच म्हणतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. बाकी महाराष्ट्रासाठी सांगून ठेवतो. भूमि अभिलेख खात्यात मी १९८४ साली भूकरमापक म्हणून लागलो. तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला. खरं तर पुन्हा झाला, कारण १९०५ पर्यंत बासीम नावाचा जिल्हा होताच. निवृत्त झालो तो निमतानदार म्हणून. निमताना मोजणी म्हणजे एकाने केलेल्या मोजणीवर हरकत आली की तीच जमीन दुसऱ्याने पुन्हा मोजणं. निमतानदाराला दोन्ही पक्ष शिव्या देतात आणि पहिला मापक मनातल्या मनात देतो. तेव्हा पोरांच्या चिडण्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते आकड्याचं. दोन पट्ट्यांमधलं अंतर माझ्या मोजणीत आलं १५५८ मीटर. बेचाळीस मीटर कमी.

बेचाळीस मीटर म्हणजे किती? पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मीटर पळणाऱ्या पोराला ते अंतर कापायला आठ सेकंद लागतात. मुलांच्या भरतीत पूर्ण गुणांची वेळही पाच मिनिटं दहा सेकंद. म्हणजे जो या रस्त्यावर पाच-आठमध्ये येऊन खूश होता, तो खऱ्या सोळाशेवर पाच-सोळाला येणार. मैदानावर पळताना त्याला वाटणार, आज पाय चालले नाहीत. पाय बरोबरच चालले. चुना चुकीच्या मोरीला लागला होता.

आमच्या गावाला अंतराच्या बाबतीत मोठा इतिहास आहे, आणि त्यातही एक चूक आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गावात मध्यमेश्वराचं मंदिर आहे. पृथ्वीची मध्यरेषा या पिंडीवरून जाते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारे बहुतेक 'लीलावती'चा हवाला देतात. पण 'लीलावती' हा अंकगणिताचा ग्रंथ. या रेषेचा धागा मिळतो तो त्याच्या कितीतरी आधीच्या, सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीया'त. मध्यरेषेवरच्या ठिकाणांची तिथे यादी आहे. लंकेपासून मेरूपर्यंत एकेक नाव येत जातं, आणि अवंती म्हणजे उज्जैनच्या अलीकडे वत्सगुल्म येतं. आपल्या ज्योतिषाचं सगळं गणित ज्या रेषेवरून चाले, त्या रेषेवर आमचं गाव!

आता निमताना. उज्जैनचा रेखांश पूर्वेला पावणेशहात्तर अंश, वाशिमचा सत्त्याहत्तर अंशांच्या थोडा पलीकडे. या अक्षांशावर एका अंशाचे सुमारे १०५ किलोमीटर होतात. म्हणजे उज्जैनची रेषा आमच्या पश्चिमेला जवळपास १४० किलोमीटरवरून, जालन्याच्या बाजूने जाते. मंदिरात हे बोलून दाखवलं तर कुणाला आवडत नाही, आणि मी बोलतही नाही. पण जुन्यांना दोष देण्यासारखंही यात काही नाही. रेखांश काढायला दोन गावांत एकाच क्षणी किती वाजले हे कळावं लागतं. त्या काळी ते कळायला एकच घड्याळ होतं, चंद्रग्रहण. दोन्ही गावांतून ते दिसायला हवं, आभाळ मोकळं हवं, घटिकापात्र बरोबर हवं. त्यातून १४० किलोमीटरची चूक झाली. मला तर ती कमीच वाटते.

'लीलावती'त अंतर मोजायचं कोष्टक मात्र आहे, आणि ते मापकाने पाठ करावं असं आहे. आठ यवांचं एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. हिशेब चोख. फक्त हात कुणाचा, हा प्रश्न उरतो. कोसात आठ हजार हात बसतात. तुमच्या आणि माझ्या हातात अर्ध्या इंचाचा फरक असेल, तर तुमच्या आणि माझ्या कोसात शंभर मीटरचा पडला. म्हणूनच खेड्यात कुणी "कोसभर हाये" म्हणालं की आम्ही सायकलीत हवा भरून घ्यायचो.

हाताची जागा साखळीने घेतली ती इंग्रजी अमलात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि पुढच्या काही दशकांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथलं शेतन् शेत मोजलं गेलं. त्या मोजणीची शंकुसाखळी तेहतीस फुटांची. तेहतीसच का, याचं उत्तर फार सुंदर आहे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. साखळीचे पुन्हा सोळा भाग, ते आणे. रुपया मोजता येणाऱ्या माणसाला जमीन मोजता यावी, अशी ही सोय. टिपणातले ते आणे आजही अभिलेख कक्षात भेटतात. नवीन पोरं बिचारी गोंधळतात.

मी लागलो तेव्हा साखळी अजून होती. मला शिकवलं ते एका जुन्या मापकाने. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला शेतात नेलंच नाही. कचेरीच्या ओसरीत फरशीत दोन खिळे ठोकलेले होते. त्यांच्यात रोज सकाळी साखळी ताणून पाहायची. साखळीला कड्या असतात, कड्या झिजतात, झिजल्या की साखळी वाढते. तेहतीस फुटांत इंचभर वाढली, तर दहा एकरांच्या शेतातून दोन गुंठे गायब होतात. ते दोन गुंठे कुणी खाल्लेले नसतात. ते कड्यांत गेलेले असतात. पण शेतकऱ्याला वाटतं, शेजाऱ्याने खाल्ले. "आधी साखळी मोज, मग जमीन," एवढंच ते सांगायचे. रागावले की साखळी गुंडाळून हातात द्यायचे आणि घरी जायचे.

या शिकवणीची गंमत मला फार उशिरा कळली. विल्यम लॅम्ब्टनने दक्षिणेकडून सुरू केलेली ती प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी वऱ्हाडातून गेली. तिची एक पायारेषा इथे टाकळखेड्याजवळ आखली गेली. लॅम्ब्टन स्वतः १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याच्याजवळ शंभर फुटी पोलादी साखळी होती. ती उन्हात तापू नये म्हणून तंबूत ठेवायची, शेजारी तापमापक ठेवायचे, आणि जितके अंश वर-खाली तितकी दुरुस्ती करायची. पोलाद दर अंशाला दहा लाखांत साडेअकरा भाग वाढतं. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे ४५ अंश होतात. वीस अंशांवर बरोबर असलेल्या टेपने त्या वेळी तीनशे मीटर मोजले, तर जवळजवळ नऊ सेंटिमीटर चुकतात. माझ्या गुरुजींनी लॅम्ब्टनचं नावही ऐकलं नसेल. पण उन्हाळ्यात मोजणी दहाच्या आत उरकायची, हा त्यांचा नियम होता.

त्याच मोजणी खात्याने पुढे माणसालाच साखळी बनवलं. तिबेटात गोऱ्याला प्रवेश नव्हता, म्हणून कुमाऊँतले शिक्षक नैनसिंह रावत यांना डेहराडूनला तयार केलं गेलं. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण एकशे आठऐवजी शंभर मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात ते ल्हासापर्यंत चालत गेले. अंतर मोजायचं प्रशिक्षण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. आठ मणी काढून टाकले तिथे माळेचं यंत्र झालं.

पळण्याच्या शर्यतींना हे सगळं शहाणपण फार उशिरा पोचलं. मॅरेथॉन १८९६ मध्ये सुरू झाली ती सुमारे चाळीस किलोमीटरची. १९०८ मध्ये लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. पुढच्या ऑलिंपिकला पुन्हा वेगळं. हाच आकडा कायम झाला तो १९२१ मध्ये. त्याच्या एकच वर्ष आधी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाला. एकोणिसावा आला, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. ती शर्यत होती ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. आजच्या मापापेक्षा ५५५ मीटर जास्त. त्याच्या वेगाने हिशेब केला तर सव्वादोन मिनिटांचं पळणं चौगुल्यांनी फुकट दिलं. यादीत मात्र २:५०:४५ एवढंच दिसतं. भारताचा मॅरेथॉनपटू म्हणून कुणी हा आकडा वाचला, तर त्याने त्यातून ते ५५५ मीटर वजा करून वाचावा, ही माझी निमतानदारी विनंती.

रस्ता नीट कसा मोजायचा, हे शोधणारे लोक बहुतेक पळणारेच होते. इंग्लंडात जॉन ज्यूएल यांनी १९६१ च्या सुमारास वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि सायकलच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत ते काम टेड कॉर्बिट यांनी उचललं. कॉर्बिट हे कृष्णवर्णीय धावपटू, पेशाने फिजिओथेरपिस्ट. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन पळाले. म्हणजे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक घेतलं त्याच गावात, त्याच दिवसांत. १९६४ मध्ये त्यांनी रस्ते मोजण्यावर एक पुस्तिका काढली आणि तिथून स्वयंसेवी मापकांची परंपरा सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन जोन्स या इंजिनिअरने सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचा गणक तयार केला. तो त्यांच्या मुलाने, क्लेनने, घरी बसून बनवून विकला. जगभरचे मापक अजून 'जोन्स काउंटर' हेच नाव घेतात. आता मिळणारा गणक चाकाच्या एका फेऱ्यात साडेतेवीसहून थोडे जास्त आकडे पुढे जातो. म्हणजे एक आकडा साधारण नऊ सेंटिमीटरचा.

पद्धत साधी आहे आणि ओसरीतल्या दोन खिळ्यांसारखीच आहे. आधी सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपने निदान तीनशे मीटरची पायारेषा आखायची, तापमानाची दुरुस्ती करून. तिच्यावर सायकल चार वेळा चालवायची आणि चाकाचे किती फेरे झाले ते मांडायचं. मग शर्यतीचा रस्ता मोजायचा. परत येऊन पायारेषेवर पुन्हा चार वेळा. पुन्हा का? कारण ऊन चढलं की ट्यूबमधली हवा फुगते, चाक मोठं होतं आणि तेवढ्याच अंतराला फेरे कमी लागतात. सकाळचा आणि नंतरचा, दोन्ही आकड्यांवरून त्या दिवसाचा आकडा ठरतो. शेवटी एक हजाराला एक मीटर वाढवून धरायचं. दहा किलोमीटरच्या शर्यतीत दहा मीटर, मॅरेथॉनमध्ये बेचाळीस. थोडी लांब झाली तरी चालेल, पण तोकडी होता कामा नये.

आणि रेघ कुठली धरायची? पळणारा माणूस जी धरेल ती. म्हणजे वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर, आणि दोन वळणांमध्ये सरळ तिरपी. इथे आमचं घोडं अडतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या गावी रस्त्याला दगडी कड असते. आमच्याकडे डांबर कुठे संपतं आणि साईडपट्टी कुठे सुरू होते, हे दर पावसाळ्यानंतर बदलतं. ऑक्टोबरात तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. सगळ्यांत जवळची रेघ बरोबर त्या ढिगातून जाते. "मावशी, जरा सायकल जाऊ द्या" म्हटलं तर मावशी म्हणते, "बाजूनं जा नं बापा." बरोबरच आहे. पळणारेही बाजूनेच जाणार. मग मी त्या दिवशी मोजत नाही.

माझ्या सायकलीला जोन्स काउंटर नाही. पुण्याच्या पुतण्याने मोजणीची पुस्तिका छापून पाठवली, ती चष्मा लावून दोनदा वाचली. मग इथल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून यंत्रावरचा पाच आकडी काउंटर मिळवला. किती प्रती निघाल्या ते मोजणारा, टकटक वाजणारा. वेल्डिंगवाल्याने तो पुढच्या फोर्कला बसवून दिला आणि आऱ्याला एक बोटभर पत्रा लावला. चाकाचा एक फेरा, एक टक. फेऱ्याच्या मधला भाग आऱ्यांवरून. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आरे असतात, एका फेऱ्यात साधारण दोन मीटर वीस सेंटिमीटर जातात, म्हणजे आऱ्याला सात सेंटिमीटरही पडत नाहीत. विकतच्या गणकापेक्षा बारीक! हे लिहिताना मला थोडा गर्व झाला आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

एका थंडीत पहाटे पायारेषेवर चार फेऱ्यांची सरासरी आली १३६ फेरे, १२ आरे. नऊ वाजता परत आलो तर १३६ फेरे, ८ आरे. सूर्याने चार आरे खाल्ले. मला तेव्हा ओसरी, साखळी आणि गुरुजी असं सगळं एकदम आठवलं.

सोळाशेच्या आधी मी एक 'दहा किलोमीटर'ची शर्यत मोजली होती. कुणाची ते सांगत नाही. नंतर त्यांनी चूक मान्य केली. तिथे एका पोराची वेळ इतकी भारी आली की त्याच्या घरच्यांनी मिठाई वाटली. अंतर निघालं ९६४० मीटर. मोटारसायकलच्या मीटरवर मोजलं होतं. आता मोटारसायकलचा मीटर साधारणपणे जास्तीच दाखवतो. दहा दाखवले तेव्हा दहा झालेले नसतात, आणि शर्यत तोकडी पडते. याच्या उलट तक्रार मनगटी घड्याळवाल्यांची. रस्ता बरोबर मोजला की ते सांगतात, "सर, दहा पॉइंट एक भरलं, तुमचा रस्ता लांब आहे." घड्याळ उपग्रहाकडून जागा घेतं, ती थोडी इकडे-तिकडे उडते, आणि माणूसही सगळ्यांत जवळची रेघ सोडून पळतो. तोकडा रस्ता सगळ्यांना आवडतो. बरोबर रस्त्यावर मात्र तक्रार येते.

मोठ्या गावांतही हेच घडलं आहे. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार २:०८:१३ मध्ये आला आणि जगातली सर्वांत चांगली वेळ म्हणून गाजला. काही वर्षांनी रस्ता पुन्हा मोजला, तेव्हा तो १४८ मीटर कमी भरला. त्याच्या वेगाने ते सत्तावीस सेकंद. म्हणजे खरी वेळ २:०८:४० च्या आसपास, आणि ज्या डेरेक क्लेटनचा २:०८:३३ चा उच्चांक त्याने मोडला असं मानलं गेलं, तो मोडलाच नव्हता. क्लेटनची ती धाव १९६९ ची, अँटवर्पची, म्हणजे चौगुले पळाले त्याच गावातली. तिच्या अंतराबद्दलही शंका घेतल्या गेल्याच. मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३, १४ आणि १५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी होती. ब्रायटनला २०२१ मध्ये उलटं झालं: ५६८ मीटर जास्त. बारा महिने मेहनत करून गेलेल्या माणसाला हे सांगायला कोण जात असेल, असा विचार मी करतो. बहुतेक निमतानदारच.

त्यामुळेच मापकाची परीक्षा आली. आता वर्ल्ड ॲथलेटिक्स आणि एम्स (दिल्लीचं इस्पितळ नव्हे, १९८२ मध्ये स्थापन झालेली मॅरेथॉन भरवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) मापकांना ए आणि बी असे दर्जे देतात. शिबिरात पायारेषा आखायला लावतात, सायकलचा आकडा काढायला लावतात, एक रस्ता मोजायला देतात आणि तुमचं उत्तर अनुभवी मापकाच्या उत्तराशी ताडतात. पुढे खऱ्या शर्यती मोजून त्यांचे अहवाल द्यावे लागतात. अमेरिकेत एकाच रस्त्याच्या दोन मोजण्या हजारात ०.८ पेक्षा जास्त फरकाच्या नसाव्यात. दहा किलोमीटरला आठ मीटर. आणि कागद असा लिहायचा की उद्या दुसरा कुणी आला तर खिळा, खांब, झाकण यांच्या खुणांवरून तोच रस्ता पुन्हा मोजू शकेल. आमचं टिपण आणखी वेगळं काय असतं! उच्चांक झाला की रस्ता पुन्हा मोजतात. म्हणजे निमताना. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पाच वर्षांनी संपतं. आमच्या धुऱ्यांना ही सोय असती तर कोर्टातली गर्दी किती वाढली असती, हा वेगळा प्रश्न.

माझ्याकडे यातला कुठलाच दर्जा नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिबिराला जायचं, तर बायको म्हणते, आधी गुडघ्यांचा दर्जा काढून आणा. पण शिकवायला हरकत नव्हती. गेल्या दोन हिवाळ्यांत मी पाच जणांना तयार केलं: शाळेतले खेळाचे सर, माझ्याबरोबर साखळी ओढलेला एक निवृत्त चेनमन, आणि भरतीची तीन पोरं, त्यांत दोन मुली. परीक्षा मी गुरुजींसारखीच घेतली. पंधरा दिवस फक्त पायारेषा. सर तिसऱ्या दिवशी कंटाळले. चेनमनभाऊंना सवय होती. दोन मुलींतली एक, मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची, सगळ्यांत सरस निघाली. तिची सायकल डगमगत नाही. चार फेऱ्यांत तिचा फरक दोन आऱ्यांपलीकडे गेला नाही. माझा पाचपर्यंत जातो. शेवटी एक मैलभर वळणावळणाचा रस्ता प्रत्येकाने एकट्याने मोजायचा, दोनदा, आणि कागद बंद पाकिटात द्यायचा. पाच पाकिटं एकदम उघडली. सर सगळ्यांत लांब भरले. वळणावर बाहेरून गेले होते. "मोटारसायकलची सवय," म्हणून हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला आले. प्रमाणपत्र म्हणून मी प्रत्येकाला एका कागदावर तारीख, पायारेषेचा आकडा आणि माझी सही दिली. त्याची सरकारदरबारी किंमत शून्य. त्या मुलीने तो लॅमिनेट करून घेतला.

रिसोड रस्त्यावरची सोळाशेची खूण तिनेच पुन्हा मोजली. माझी मोजणी तिला सांगितली नव्हती. तिच्या वहीत आलं १५५७ मीटर. मी म्हणालो, माझे १५५८ होते. ती म्हणाली, "मंग तुमचं एक मीटर कुठं गेलं काका?" आता पोरांचा राग तिच्यावर आहे. पण चुन्याचा नवा पट्टा तिने ओढला आहे, जुन्या मोरीच्या त्रेचाळीस मीटर पलीकडे, बाभळीच्या बुंध्याजवळ. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा तो कुणी तरी रात्री पुसला. धुऱ्यावरचे दगड हलवणाऱ्यांची ही पुढची पिढी, असं म्हणून मी तिला आणखी चुना दिला. मग पुसणं थांबलं. भरती जवळ आली होती.

त्याच रस्त्यावर, शहराच्या बाजूला, आमची पायारेषा आहे. तीनशे मीटर, पहाटे चौदा अंशांवर पोलादी टेपने दोनदा मोजलेली. दोन्ही टोकांना डांबरात एकेक वॉशर बसवलेला खिळा आहे आणि भोवती पिवळ्या रंगाचं वर्तुळ. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला, अकादमीला किंवा शर्यत भरवणाऱ्या मंडळाला आपली सायकल तिथे आणून आकडा काढता येईल. पैसे लागत नाहीत, सकाळी लवकर यावं लागतं. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांना आणि भंगार वेचणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं आहे, की ते दोन खिळे उपटू नका.